चोवीस पॉइंट ऐंशी

मी एक जुनी मूस आहे. चिनी मातीची, पांढरी, एक लिंबू जेमतेम मावेल एवढी. मूस म्हटलं की मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर सोनाराचं दुकान येतं, हे मला ठाऊक आहे. तिथे असते ती आमची श्रीमंत चुलत बहीण. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असते. सोनं मी फक्त परीक्षकांच्या बोटात पाहिलं आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. तिथून बाहेर पडले तेव्हा वाटलं, आयुष्यातली सगळी आग आपण पाहून घेतली. तेव्हा पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पाहिले नव्हते.

आम्ही बारा जणी एका खोक्यात, कागदाच्या कपट्यांत गुंडाळून इथे आलो. खोकं उघडलं ते मावशींनी. मावशी म्हणजे या प्रयोगशाळेच्या परिचर. बाटल्या भरणं, काचसामान धुणं, पुसणं आणि जागच्या जागी ठेवणं हे त्यांचं काम. त्या वेळी त्या नव्या होत्या आणि मीही नवी होते. त्यांनी प्रत्येकीच्या बुडाशी काळ्या पेन्सिलीने आकडा घातला. मला सात मिळाला.

प्रयोगशाळेत काटा एकच होता. आजही एकच आहे. तीस विद्यार्थ्यांनी रिकामी मूस तोलायची म्हटली, तर रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत जायची आणि जिन्यावर प्रयोग सोडून बाकी सगळं व्हायचं. त्या वेळच्या सरांनी यावर तोडगा काढला. एका दुपारी त्यांनी आम्हा बाराही जणींचं वजन केलं. ते आकडे बोलत गेले आणि मावशी लिहीत गेल्या. मावशींचं अक्षर असं, की पाहत राहावं. त्या तक्त्याला चौकट आली, काच आली आणि तो भिंतीवर चढला. 'मूस क्रमांक ७: २४.८० ग्रॅम.' त्या दिवसापासून रिकामी मूस कुणी तोलली नाही. मान वर करायची, आकडा उतरवायचा. पुढे सर निवृत्त झाले. तक्ता झाला नाही.

आता माझं काम काय, ते सांगते. मोरचुदाचा निळा खडा तुम्ही पाहिला असेल. हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या आत पाणी असतं. दिसत नाही, ओलावत नाही, तरी वजनात मात्र हक्काने असतं. याला स्फटिकजल म्हणतात. खडे माझ्यात घालून मला बर्नरवर ठेवलं की हे पाणी उडून जातं आणि निळ्या खड्याची पांढरी पूड होते. आधीचं वजन आणि नंतरचं वजन यांवरून मोरचुदाच्या एका वाट्यामागे पाण्याचे किती रेणू होते, ते काढायचं असतं. उत्तर पाच येतं. हे उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं आहे, आणि या प्रयोगाचं सगळं दुर्दैव तेवढंच आहे.

आठ वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला धुताना नळाच्या तोटीवर आपटलं. माझ्या कडेचा एक तुकडा उडाला. नखाएवढा असेल. विद्यार्थ्याने फुटकी बाजू भिंतीकडे केली, मला फळीवर ठेवलं आणि तो मोठ्या निष्पाप चेहऱ्याने घरी गेला. संध्याकाळी आवरताना मावशींच्या बोटाला ती धार लागली. दुसरी कुणी असती तर मला कचऱ्यात टाकती. पण नव्या मुशींचा मागणी अर्ज तेव्हा कार्यालयात तिसऱ्या वर्षात होता, आणि तोवर आमच्यातल्या पाच जणी गेल्या होत्या. मावशी स्टुलावर बसल्या आणि बारीक दगडावर त्यांनी माझी फुटकी कड तासभर घासली. इतकी गुळगुळीत केली, की तिथे जणू मुद्दाम केलेली चोच असावी. "आता नाही कुणाला लागायची," असं म्हणून त्यांनी मला पुसून ठेवलं.

कुणाला लागायची नाही, याची काळजी घेतली गेली. तक्त्याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं वजन आता २४.५० होतं. भिंतीवर मी अजून चोवीस पॉइंट ऐंशी होते. वय लपवणारे मी पुष्कळ ऐकले आहेत, पण एवढ्या सुंदर अक्षरात कुणी लपवलं नसेल.

तुम्ही विचाराल, आठ वर्षांत एकाही विद्यार्थ्याला हे कळलं नाही का? मित्रांनो, माझ्यात दर वेळी उत्तर सहा यायचं. अगदी नीटनेटकं सहा. विद्यार्थी ते पाहायचा, शेजारच्याच्या वहीत पाच पाहायचा, आणि मग पाचावरून उलटा हिशेब करत वजनापर्यंत यायचा. वहीत पाच उतरायचं. नवे सर खाली सही करायचे. आठ वर्षं सगळे समाधानी होते. मी बोलू शकत नाही, ही माझी अडचण आहे. पण विद्यार्थ्यांना बोलता येत होतं.

मावशी हे सगळं पाहत होत्या आणि ब्रशने बाटल्या घासत होत्या. बावीस वर्षं प्रयोग पाहून त्यांना सगळे प्रयोग तोंडपाठ झाले होते. मग नियम आला, की परिचरांना परीक्षा देऊन प्रयोगशाळा सहायक होता येईल. सहायक म्हणजे जो विद्यार्थ्यांपुढे उभा राहून प्रयोग दाखवतो. परीक्षा प्रात्यक्षिकाची, संधी तीन. तिसरी हुकली, की निवृत्तीपर्यंत ब्रश.

पहिल्या खेपेला मोरचुदाचं द्रावण करायचं होतं. ६.२४ ग्रॅम घ्यायचे तिथे मावशींनी ३.९९ घेतले, कारण खड्यातलं पाणी हिशेबात धरायचं राहिलं. दुसऱ्या खेपेला वजन बरोबर घेतलं, पण मोजचंबूच्या मानेवरच्या रेघेपेक्षा दोन थेंब पाणी जास्त पडलं. परीक्षकांनी चंबू उचलून डोळ्यांसमोर धरला आणि परत ठेवला. मावशींना ते फार लागलं.

तिसऱ्या परीक्षेची तयारी त्यांच्या लेकीने करून घेतली. लेक याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि जीभ तिची बर्नरसारखी होती. तास संपले की ती स्टुलावर बसायची आणि आई उभी.

"आई, टॉवेल गुंडाळून काट्यावर उभी राहिलीस, तर आकडा कुणाचा?"

"माझा आणि टॉवेलचा."

"आणि टॉवेल ओला असेल तर?"

"तर आधी मला हे सांग, की रोज ओला टॉवेल पलंगावर कोण टाकून जातं."

लेक हसली नाही. तिने सांगितलं, की मोरचुदाचा खडा म्हणजे ओल्या टॉवेलातला माणूस. टॉवेलासकट तोलला तर भागायचं २४९.५ ने, कोरडा तोलला तर १५९.५ ने. मावशींनी ते तळहातावर लिहिलं. लेकीने ते पुसायला लावलं. मग मोलॅरिटी. एक लिटर द्रावणात किती मोल आहेत, तो आकडा. इथे लेकीचा आवाज चढायचा. लिटरभर पाणी मोजून ओतायचं नसतं, आधी पदार्थ विरघळवायचा आणि मग रेघेपर्यंत भरायचं, हे तिने सात वेळा सांगितलं असेल.

"म्हणजे किती पाणी ते रेघ ठरवणार, मी नाही," मावशी एकदा म्हणाल्या.

"आत्ता कुठे कळलं."

"कळलं होतं गं. घरात माझं काही चालत नाही, इथेही नाही, एवढं पचायला वेळ लागला."

परीक्षेचा दिवस आला. सकाळी दहाची वेळ. उमेदवार दोन. एक मावशी, दुसरा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर. त्याला सगळे करंट म्हणत, कारण तारेत वीज आहे की नाही हे तो बोट लावून पाहायचा. परीक्षक बाहेरगावच्या बाई होत्या. उंच, हळू बोलणाऱ्या, बुटांचा आवाज न करणाऱ्या. आवाज न करणारे परीक्षक फार वाईट.

प्रश्न दोन होते. मोरचूद सुमारे अडीच ग्रॅम घेऊन त्यातल्या पाण्याचे रेणू काढा. उरलेली पांढरी पूड शंभर मिलिलिटर द्रावणात न्या आणि द्रावणाची मोलॅरिटी सांगा. बाईंनी एक नियम वाचून दाखवला. खाडाखोड चालणार नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि चुकीचं कारण लिहायचं.

मावशी फळीपाशी आल्या. आम्ही सहा जणी उरलो होतो. त्यांचा हात पुढे आला तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, ती अकरा नंबरची घ्या, ती धडधाकट आहे. त्यांनी मला उचललं. "तू माझ्या हातातली," एवढंच म्हणाल्या. मग मान वर केली आणि तक्त्यावरून २४.८० उतरवून घेतलं.

परीक्षक बाई मागून येत होत्या. त्यांनी मावशींच्या वहीकडे पाहिलं, मग दूरच्या कोपऱ्यातल्या काट्याकडे पाहिलं, मग पुन्हा वहीकडे. त्यांनी आपल्या कागदावर एक लहानशी खूण केली आणि पुढे गेल्या. मावशींना ती दिसली नाही. मला दिसली.

काट्यावर माझ्यात खडे पडू लागले. आकडा २७.३० झाला तेव्हा मावशी थांबल्या. त्यांच्या मते अडीच ग्रॅम झाले होते. खरे तर दोन पॉइंट ऐंशी झाले होते. माझ्यावर ज्या बाईने तासभर मेहनत केली, तिचाच घात मी गप्प बसून करत होते.

मग आग. मावशींची ज्योत लहान होती. मोरचूद घाईने तापवला तर काळपट पडतो आणि मग सगळंच संपतं. निळे खडे आधी फिके झाले, मग कडेने पांढरे. पलीकडे करंटने बर्नर पूर्ण उघडला होता. मला गार करून तोललं. २६.२९. पुन्हा तापवलं, पुन्हा गार केलं, पुन्हा २६.२९. म्हणजे पाणी सगळं गेलं. हे काम मावशींनी इतकं चोख केलं, की तिथे उभ्या असलेल्या कुठल्याही प्राध्यापकाला लाज वाटली असती. सुदैवाने तिथे कुणी प्राध्यापक नव्हता.

त्यांनी हिशेब मांडला. पूड १.४९, पाणी १.०१. भागाकार केले. उत्तर आलं सहा.

त्यांनी पुन्हा केला. सहा.

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. परीक्षा एकला संपायची. मावशींनी पेन खाली ठेवलं आणि पदराने बोटं पुसली. त्यांच्या हातांना कधी घाम येत नसे.

करंटने मान लांब केली. त्याचा हिशेब पूर्ण झाला होता. "मावशी, पाच लिहा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "सगळ्या जगात पाचच येतात. शेवटचं वजन सव्वीस चाळीस करा, झालं काम."

बरोबर होतं त्याचं. २६.२९ चं २६.४० केलं, की पाच येत होतं. आठ वर्षं पोरं हेच करत होती. मावशींना ही युक्ती कुणी शिकवायची गरज नव्हती, त्यांनी ती शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी पेन उचललं. पेनाचं टोक त्या नऊच्या आकड्यावर येऊन थांबलं. मित्रांनो, मी भट्टी पाहिली आहे, पण त्या वेळी बसली तेवढी धग मला कधी बसली नव्हती.

"काट्यानं जे सांगितलं ते मी कोण बदलणार?" त्या पुटपुटल्या. "उद्या पोरांपुढे उभी राहून काय हे दाखवू?"

"उद्या उभं राहायला मिळालं तर ना," करंट म्हणाला.

मावशींनी सहा तसंच ठेवलं आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळल्या.

माझ्यातल्या पांढऱ्या पुडीवर त्यांनी पाणी सोडलं. पूड पुन्हा निळी झाली, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. ते निळं पाणी मोजचंबूत ओतायचं होतं, एक थेंबही न सांडता. मूस ओतायला अवघड. पण मावशींनी मला सवयीने फिरवलं, गुळगुळीत केलेली कड पुढे आणली आणि तिथून धार नीट आत पडली. पाणी घालून मला तीन वेळा विसळलं. तिसऱ्या वेळी त्यांचा अंगठा त्या कडेवर होता.

तो अंगठा थांबला.

त्यांनी मला उजेडाकडे धरलं. जिथे कड असायला हवी होती, तिथे नव्हती. मग त्यांनी हळूच मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. आपल्याच अक्षराकडे माणसाला असं पाहताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मावशी पळाल्या नाहीत. आधी त्यांनी चंबू भरला. थेंब थेंब सोडत पाणी रेघेवर आलं आणि थांबलं. मागच्या खेपेला याच रेघेने त्यांना रडवलं होतं, आज तिच्याकडे पाहून बरं वाटायलाही सवड नव्हती. मग मला पुसून त्यांनी मंद ज्योतीवर धरलं. ओली मूस एकदम तापवली तर तडकते, आणि माझी एक बाजू आधीच अधू. मी तडकले असते तर वजन करायला काही उरलंच नसतं. मी आठ वर्षांत जेवढी घट्ट राहिले नसेन तेवढी त्या पाच मिनिटांत राहिले.

कोरडी झाले, तरी गरम होते. गरम वस्तूचं वजन काटा खरं सांगत नाही. गार होण्याच्या बरणीत मला ठेवून मावशी समोर उभ्या राहिल्या. पदराने वारा घालावासा वाटत असेल, पण झाकण लावलेल्या बरणीला वारा घालून उपयोग नाही. बारा पन्नास. बारा त्रेपन्न. त्यांनी मला काढलं आणि काट्याकडे निघाल्या. काट्यापुढे करंट उभा होता.

"घ्या, तुम्ही करा," तो बाजूला होत म्हणाला. "माझं पाच केव्हाच आलंय. मी आपला उगाच उभा आहे, दिसायला बरं दिसतं."

काट्याचे आकडे थरथरले आणि थांबले. २४.५०.

मावशींनी टेबलाशी जाऊन वहीतल्या २४.८० वर एक रेघ मारली. शेजारी सही केली. कारणाच्या जागी लिहिलं, 'मूस फुटलेली आहे. मला माहीत होतं. तरी तोलली नाही.' मग नवा हिशेब. खडे २.८०, पूड १.७९, पाणी १.०१. रेणू पाच. द्रावण ०.११२ मोलर. शेवटचा आकडा लिहून पेन टेकवलं तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. परीक्षक बाई शेजारीच उभ्या होत्या.

"रिकामी मूस शेवटी तोलतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आधी तोलतात. मी तोलली नव्हती."

"मग हे चोवीस ऐंशी कुठून आलं?"

मावशींनी भिंतीकडे बोट केलं. बाईंनी तक्ता सावकाश वाचला, बाराही ओळी.

"कुणी केला हा?"

"वजनं सरांची. अक्षर माझं."

"सुंदर आहे," बाई म्हणाल्या. ते कौतुक होतं की काय, हे मला अजून कळलेलं नाही. "न तोलता आकडा लिहिलात तेव्हाच मी तुमचे गुण कापले. ते परत मिळणार नाहीत."

"नकोत," मावशी म्हणाल्या.

"पण पुढे कापायला तुम्ही जागा ठेवली नाहीत."

मग त्या करंटच्या टेबलाशी गेल्या. त्याची वही स्वच्छ होती, एकही रेघ नव्हती, उत्तर पाच होतं. बाईंनी त्याच्या मुशीतली पूड चमच्याने उकरली. वरची पूड काळपट होती आणि तळाशी खडे अजून निळे होते.

"पाणी सगळं गेलं म्हणता. मग हे निळं कसलं?"

करंटने पहिल्यांदाच बोट न लावता ओळखलं, की इथे वीज आहे.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. उत्तीर्ण व्हायला पन्नास गुण लागत होते. मावशींना बावन्न मिळाले. लेक म्हणाली, की दोन गुणांची उधळपट्टी झाली, आणि मग आईच्या गळ्यात पडून इतकी रडली, की मावशींनाच तिची समजूत काढावी लागली.

सहायक म्हणून मावशींचं पहिलं काम काय झालं, ते सांगते. त्यांनी स्टूल घेतलं, तक्ता भिंतीवरून उतरवला आणि चौकट रिकामी केली. मग बाद सामानाची वही उघडली. त्यातली पहिली वस्तू मी होते.

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. त्यांनी मला हातात घेतलं आणि त्या कडेवरून अंगठा फिरवला. बाद वस्तूचं वजन लिहायची गरज नसते, तसा रकानाही नाही. तरी त्या उठल्या, कोपऱ्यात गेल्या आणि मला काट्यावर ठेवलं. आकडा स्थिर होईपर्यंत थांबल्या. मग माझ्या नावापुढे समासात लिहिलं, '२४.५०. स्वतः पाहिलं.' आणि खाली नव्या पदाची सही केली.

आता मी फुटक्या नळ्यांसोबत एका खोक्यात आहे. इतर जुन्या वस्तू तुमच्याकडे विनवणी करतात, की आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मित्रांनो, माझं मागणं जरा वेगळं आहे. मला ज्यांनी जपलं, त्यांनी फार मायेने जपलं. मी कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून माझी धारही घासली. फक्त भिंतीवरचा आकडा तेवढा बदलायचा राहिला. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू, एखादं जुनं माणूसही, तुम्ही असंच जपत असाल. जपा. पण ते पूर्वी किती होतं, ते भिंतीवर वाचून सांगू नका. उठा, कोपऱ्यापर्यंत चाला, आणि आज किती आहे ते एकदा तोलून पाहा.